काढा घ्या, झोप सोडा

प्रतिकारशक्ती वाढवायची म्हणताय? मग आधी झोप सोडा. पहाटे साडेचारला उठायचं. रात्री 'झोपेचं महत्त्व' या विषयावरचे व्हिडिओ बघता बघता दीड वाजला असेल तर तो अभ्यासात धरायचा. उठलात की मफलर गुंडाळून टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोवर या. बेळगावात आरोग्याचं जेवढं म्हणून ज्ञान आहे, ते उजाडायच्या आत इथल्या झाडांखाली फुकट वाटून संपतं. साडेसातला आलात तर नुसतं चालावं लागेल.

जागाही अगदी योग्य आहे. इंग्रजांच्या काळात इथं देवीची लस तयार व्हायची. वासराच्या कातडीवर ती वाढवायची, खरवडून काढायची आणि कुप्यांत भरून गावोगाव धाडायची. अशा लशी टोचत टोचत देशातली देवी १९७५ साली आटोपली, आणि १९८० मध्ये ती जगातूनच गेल्याचं जाहीर झालं. तर त्याच डेपोच्या आवारात उभं राहून ठणकावून सांगायचं, "लसबिस सगळं थोतांड. आपल्या वाडवडलांनी कुठं घेतली होती?" जे वाडवडील देवीनं लहानपणीच गेले, त्यांचा विषय तेवढा काढू नये. आमच्या टोळक्यातले अण्णा हे वाक्य फार जोरात म्हणतात. हात वर करून म्हणतात, तेव्हा बनियनच्या बाहीखाली त्यांच्या दंडावरचा रुपयाएवढा गोल व्रण स्पष्ट दिसतो.

आता काढा. तुळस, आलं, मिरी, लवंग, दालचिनी, हळद, ओवा, गुळवेल, आणि शेजारणीनं सांगितलं ते. प्रमाण विचारू नका, प्रमाण विचारणाऱ्याचा विश्वास कमी असतो. चार पेले पाण्याचा एक पेला होईस्तोवर आटवायचं. मी पहिल्यांदा केला तेव्हा पातेल्याच्या आतून डांबरासारखी एक रेघ बसली. बायकोनं ती आधी राखेनं घासली, मग नारळाच्या शेंडीनं, मग मला दाखवून तारेच्या घासणीनं. रेघ अजून आहे. त्या पातेल्यात आता दूध तापवलं तरी चहाला लवंगेचा वास येतो.

तीन आठवडे सकाळ-संध्याकाळ उपाशीपोटी घेतला. चौथ्या आठवड्यात छातीत असा जाळ उठला की रात्री उशाला तीन उश्या लावून बसून राहिलो. डॉक्टरांनी विचारलं, काय काय घेताय? मी सांगत गेलो, ते लिहीत गेले, दालचिनीपाशी त्यांनी पेन खाली ठेवलं. "औषध करताय की मटणाचा मसाला?"

तुम्ही असल्या डॉक्टरांच्या नादी लागू नका. गुळवेल तर परसातलीच घ्या आणि ओळख पटवायच्या फंदात पडू नका. तिच्यासारख्या दिसणाऱ्या भावकीतल्या वेली आहेत, पण वेलीला कोण आधारकार्ड मागतं? २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद केली, आयुष मंत्रालयानं ती खोडून काढली. दोन्ही बातम्या वाचण्यात वेळ घालवू नका. सोयीची तेवढी ग्रुपवर पाठवा.

काढ्यानं तोंड कडू होतं. त्यावर पाव किलो कुंद्याची मिठाई. साखर वाढलेल्या रक्तात पांढऱ्या पेशी आळसावतात, जखम चिघळते, हे शुगरवाल्यांना माहीत असतं. पण कुंदा बेळगावचा आहे. आपल्या माणसावर संशय घेऊ नये.

आपला माणूस म्हटलं की एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. प्रतिकारशक्ती म्हणजे मुळात ताकद नव्हेच, ओळख आहे. आपलं कोण आणि परकं कोण, हे पेशींनी ओळखायचं असतं. त्यात गोंधळ झाला की काय होतं, ते सीमाभागातल्या माणसाला वेगळं शिकवायला नको. १९५६ पासून आपण तेच काढतोय. कधी शरीर फुलातल्या परागकणालाच शत्रू समजतं आणि माणूस शिंकून बेजार होतो. कधी स्वतःच्याच सांध्यांना परकं ठरवून त्यांच्यावर चाल करतं, मग बोटं सुजतात, सकाळी मूठ वळत नाही. अशा माणसाची प्रतिकारशक्ती कमी नसते, भलत्याच दिशेला धावत असते. तरी टॉनिकच्या बाटलीवर लिहिलेलं असतं, 'शक्ती वाढवा'. म्हणजे कोगनोळीच्या सीमा नाक्यावरच्या शिपायाला माणूस ओळखता आला नाही तरी चालेल, काठी लांब पाहिजे.

ती बाटली मी घेतली आहे. चौदाशे पन्नासची. तिच्यावर मराठी, कन्नड, इंग्रजी असं तिन्ही भाषांत सगळं लिहिलंय, फक्त आत काय किती आहे ते एकाही भाषेत लागत नाही. आपल्याकडं पाटीवरून एवढं रामायण झालं, पण अशी तिन्ही भाषांना समान न्याय देणारी पाटी मी प्रथमच पाहिली.

जेवणाकडं मात्र अजिबात लक्ष देऊ नका. रोगजंतूंना धरणारी प्रतिपिंडं प्रथिनांची बनतात, आणि साठ किलोच्या माणसाला दिवसाला पन्नासेक ग्रॅम प्रथिनं लागतात, हे खरं. आपल्या शिवारात भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर जो काळा मसूर येतो, त्याच्या शंभर ग्रॅममध्ये पंचवीसच्या आसपास प्रथिनं असतात, हेही खरं. पण त्या मसुराला ना डबा, ना चमचा, ना हसणारा खेळाडू. आई त्याला लसणाची फोडणी देऊन आमटी करते, सोबत भाकरी, कधी उकडलेलं अंडं, वाटीभर ताक. सगळं मिळून भागतं. असल्या गोष्टीनं भागतं हे लोकांना कळलं तर पावडरवाल्यांनी जायचं कुठं? तेव्हा आमटी बाजूला सारा आणि व्हॅनिलाच्या वासाचं पीठ पाण्यात कालवा.

सी जीवनसत्त्वाचंही तसंच. ते वेगळं काढणाऱ्या हंगेरीच्या शास्त्रज्ञाला, सेंट-ग्यॉर्गींना, १९३७ चं नोबेल मिळालं, आणि त्यांना ते भरपूर सापडलं कशात, तर त्यांच्या गावाकडच्या मिरचीत. मिरचीला नोबेलपर्यंत नेणारा माणूस संकेश्वराजवळ जन्मला नाही, ही आपली हुकलेली संधी. मोठ्या माणसाला दिवसाला ६५ ते ८० मिलिग्रॅम पुरतं. गणपत गल्लीत टोपली घेऊन बसलेल्या मावशींकडचा एक पेरू, चार फाका, मीठ-तिखट, की दिवसाचा हिशेब मिटला. म्हणूनच पेरू घेऊ नका. ५०० मिलिग्रॅमच्या गोळ्या घ्या, दोन-दोन घ्या. अंगाला नको असलेलं लघवीवाटे मोरीत जातं. शहरातल्या गटारांची प्रतिकारशक्ती आज ठणठणीत आहे, ती तुमच्याआमच्यामुळं.

डी जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटची पुडी डॉक्टर आठवड्याला एक सांगतात. तुम्ही रोज एक घ्या. ते मोरीत जात नाही, चरबीत साठतं, रक्तातलं कॅल्शियम वाढवतं आणि मूत्रपिंडांना कामाला लावतं. पैसे वसूल.

निपाणी भागातल्या वाचकांना वेगळं काय सांगू? तंबाखू पिकवणाऱ्यांविषयी मी वाकडा शब्द बोलणार नाही. १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी ती माणसं हमरस्त्यावर ठाण मांडून बसली आणि त्यांनी पोलिसांच्या गोळ्या झेलल्या. मी ओढणाऱ्यांविषयी बोलतोय. श्वासनलिकेत केसांहून कितीतरी बारीक झाडू असतात, ते धूळ आणि जंतू वर ढकलत राहतात. धुरानं ते लुळे पडतात. त्यावर उपाय म्हणून डेपोवर काढा पिऊन झाला की लगेच गेटाबाहेर एक बिडी पेटवायची. काढ्याची वाफ आणि बिडीचा धूर एकाच नळीतून गेल्यावर आत काय तडजोड होते, ते त्यांचं ते बघून घेतील.

झोपेची गोष्ट राहिली. २०१५ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी १६४ धडधाकट माणसं घेतली, त्यांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब घातले आणि कोणाला सर्दी होते ते बघत बसले. सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना ती सात तासांच्या वर झोपणाऱ्यांच्या चौपट झाली. हे मी डेपोवर वाचून दाखवलं. अण्णांनी जांभई दिली आणि विचारलं, "त्यास्नी काढा दिल्ता काय पण?" दिला नव्हता. मग विषय संपला.

मागच्या आठवड्यात मात्र अण्णा सलग तीन दिवस आले नाहीत. चौथ्या दिवशी मी घरी गेलो, तर अक्का दारातच. तापानं फणफणले होते म्हणाल्या. गळा एवढा सुजलेला की काढा उतरेना, तो मोरीत ओतला. मोबाईल अक्कांनीच काढून घेतला होता. तीन दिवस नुसते झोपून होते, उठवलं की वाटीभर मसुराची आमटी-भात खायचे आणि परत पडायचे. बिडी तर तोंडाला लावली नाही, वासच नको झाला होता.

पाचव्या दिवशी पावणेपाचला अण्णा डेपोवर हजर. तोंडावर तकाकी, आवाज खणखणीत. हातात माझ्यासाठी भरून आणलेली बाटली.

"बघितलास काय गा," म्हणाले, "काढ्याचा गुण?"