थायलंडच्या आखाताकडील बेटांचा पावसाळा वेगळा

‘जून ते ऑक्टोबर या काळात थायलंडच्या बेटांवर जाऊ नये’ हे थायलंड-प्रवासावरील लेखातील विधान फुकेत, क्राबी अशा पश्चिमेच्या अंदमान समुद्राकडील भागाला लागू पडते, पण पूर्वेच्या थायलंडच्या आखातातील को सामुई, को फांगान आणि को ताओ या बेटांना सरसकट नाही. मधल्या थाई द्वीपकल्पातील डोंगर नैर्ऋत्य मोसमी वारे अडवतात, म्हणून जुलैमध्ये या बेटांवर पाऊस बराच कमी असतो (ठाणे चिंब भिजत असताना घाटापलीकडचे शिरूर कोरडे राहते, तसेच). तिथला खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये, ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतो.

मी ठाण्यातील नौपाड्याची, दक्षिण थायलंडमधील सुरत थानी येथील शाळेत दोन वर्षे इंग्रजी शिकवत होते. जुलैमध्ये आसाळ्ह बुचा, म्हणजे बौद्धांची आषाढी पौर्णिमा, आणि दुसऱ्या दिवशीचा वर्षावासाचा (भिक्खूंच्या पावसाळ्यातील एका जागच्या मुक्कामाचा) आरंभ अशी जोडून सुट्टी आली, तेव्हा दोनसाक धक्क्यावरून फेरीबोटीने सुमारे दीड तासात सामुईला पोहोचले आणि तीन दिवस वह्या-तपासणीचा विचारही न करता नारळीच्या सावलीत निवांत पडून राहिले. इतकी शांत विश्रांती मला त्या दोन वर्षांत पुन्हा मिळाली नाही. ऑक्टोबरची सत्रान्त सुट्टी मात्र या बेटांसाठी राखू नये, ही सूचना लेखात वेगळी असायलाच हवी होती, कारण नव्याने गेलेले शिक्षक नेमकी तीच सुट्टी निवडतात.