पाण्यातलं पळसनाथाचं देऊळ

परवा कुणीतरी एक व्हिडिओ पाठवला. ड्रोननं काढलेला. उजनीच्या पाण्यातून वर आलेलं शिखर, मागं संगीत, आणि खाली लिहिलेलं, 'शेकडो वर्षं ओसाड पडलेलं रहस्यमय मंदिर'. वाचून फार लागलं मनाला. माझं माहेर पळसदेव, तालुका इंदापूर. शेकडो वर्षं ओसाड कसलं? माझ्या आजीनं त्या गाभाऱ्यात पिंडीवर पाणी घातलंय.

उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं. त्याच्या आधीच गाव उठलं आणि भीमेच्या काठावरून पुणे-सोलापूर रस्त्याकडेला आलं. नव्या गावठाणात पळसनाथाचं नवं देऊळ झालं. जुनं मागं राहिलं. मी जन्मले नव्या गावठाणात, त्यामुळं जुनं गाव मी पाहिलं ते फक्त उन्हाळ्यात, तेही तुकड्यातुकड्यानं.

ज्यांना उजनी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. धरणाचा एकूण साठा ११७ टीएमसी, म्हणजे ११७ अब्ज घनफूट. पण त्यातला ६३ टीएमसीच्या वर मृतसाठा, म्हणजे वापरात न धरलेलं तळाचं पाणी. टक्के मोजतात ते त्याच्या वरच्या पाण्याचे, पाणी त्याच्याही खाली गेलं की वजा. म्हणून आमच्याकडं धरण नुसतं रिकामं होत नाही, 'वजा' होतं. वजा दहा टक्के, वजा वीस, वजा चाळीस. पाणी मागं हटलं की शेतकऱ्याला मोटार पुढं न्यावी लागते, पाइप वाढवा, केबल वाढवा, रात्री जाऊन राखण करा. आणि नेमकं त्याच दिवसांत शिखर दिसायला लागतं. आमच्या घरात दोन्ही एकदम चालायचं. वडील उसाच्या काळजीनं गप्प झालेले, आणि आजी मात्र सकाळी पाण्याकडं तोंड करून हात जोडून उभी. "दिसला गं बया देव," म्हणायची.

पाणी अगदीच खाली गेलं त्या एका वर्षी ती मला आणि धाकट्या भावाला घेऊन गेली. भेगाळलेला गाळ, पायाखाली कुडकुडणारे शिंपले, मासेमारांची तुटलेली जाळी, चिलापी माशांचा वास. काही ठिकाणी वरून सुकलेलं आणि आतून दलदल, पाय पोटरीपर्यंत आत. आजीनं एका ठिकाणी चपला काढल्या. मला काही दिसेना तिथं. "ही वेस हाये पोरी," म्हणाली. मग पुढं जोत्यांचे दगड दिसायला लागले तसं ती बोटानं दाखवत गेली. ही चावडी, हे अमक्याचं घर, आणि हा आपला उंबरा. त्या उंबऱ्यावर ती थोडा वेळ बसली. आम्ही पोरं शिंपले गोळा करत होतो.

देवळाचं खालचं अंग काळ्या दगडाचं, वरचं शिखर विटांचं. आवारात वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड, आणि सती गेलेल्या बायकांच्या सतीशिळा. वीरगळ कसा बघायचा हे मला शाळेत नाही, आजीनं तिथं शिकवलं. खालच्या चौकटीत लढाई आणि पडलेला वीर, त्याच्या वर अप्सरा त्याला घेऊन निघालेल्या, सगळ्यात वर तो शंकराच्या पिंडीपाशी बसलेला. तिला 'वीरगळ' हा शब्द ठाऊक नव्हता, पण दगड खालून वर वाचायचा हे ठाऊक होतं. सतीच्या दगडावरच्या बांगड्या भरलेल्या हाताला तिनं हळद लावली. भावानं विटेचा एक तुकडा खिशात घातला होता. घरी आल्यावर तिला कळलं, तर दुसऱ्या दिवशी भर उन्हात त्याला परत पाठवून तो जिथला तिथं ठेवायला लावला.

आणि आता? २०२४ला धरण वजा पन्नासच्याही खाली गेलं, देऊळ पायथ्यापर्यंत उघडं झालं. मीही गेले होते. शिखराच्या विटांवर चढून फोटो काढणारी पोरं, खांबांवर खिळ्यानं कोरलेली नावं, कोपऱ्यात बाटल्या. इतकी वर्षं पाण्यात राहून त्या विटांमधला चुना धुऊन गेलाय. भिजणं, सुकणं, परत भिजणं, वर पावसाळी वाऱ्यात पसरट जलाशयावर उठणाऱ्या लाटा. असल्या शिखरावर माणसानं पाय ठेवायचा?

गोव्यातल्या कुर्डीचं उदाहरण मला सारखं आठवतं. गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं गाव, साळावलीच्या धरणात गेलं. तिथलं महादेवाचं जुनं दगडी देऊळ दगड न दगड सोडवून दुसरीकडं परत उभारलं गेलं. आणि जे सोमेश्वराचं देऊळ पाण्यात राहिलं, तिथं मे महिन्यात पाणी उतरलं की विस्थापित माणसं जमतात, उत्सव करतात. आपल्याकडं अख्खं देऊळ हलवा असं मी आता म्हणत नाही. त्या विटा ते सोसणार नाहीत. पण सुटे पडलेले वीरगळ आणि सतीशिळा तरी वर, नव्या गावठाणात, नव्या देवळाच्या आवारात आणता येतील. जाणकाराला बोलावून, नोंद करून, कुठला दगड कुठं होता ते लिहून ठेवून. आणि देऊळ उघडं असेल तेवढे दिवस गावातली चार पोरं तिथं थांबली, आल्यागेल्याला सांगितलं की शिखरावर चढू नका, हा आमचा देव आहे, तर पाहुणे ऐकतात. मी स्वतः सांगून पाहिलंय, बहुतेक जण खाली उतरले. एकानं तर आपणहून बाटल्या गोळा केल्या.

देऊळ किती झिजलं हे कळायचं तर आधी ते कसं होतं हे माहीत हवं. म्हणून पळसदेवच्या सगळ्या माणसांना, लग्न करून बाहेर गेलेल्या लेकींना, पुण्या-मुंबईला नोकरीला गेलेल्यांना माझी विनंती आहे. गाव उठायच्या आधीचा एखादा फोटो पेटीत, ट्रंकेत असेल तर मोबाइलवर काढून मला पाठवा. लग्नाचा असो, जत्रेचा असो, माणसांच्या मागं देवळाच्या भिंतीचा कोपरा दिसत असला तरी चालेल.