‘सुंदर दिसतं म्हणून खाण नको?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. अमेरिकेतल्या निसर्गरम्य सरकारी जमिनी खाणींपासून वाचवाव्यात, या माझ्या लेखाला तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया दिलीत आणि हातचं काही राखलं नाहीत, हे आवडलं. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: तांबं, युरेनियम, गॅस सगळ्यांना हवं, पण आवडत्या डोंगरात खाण नको, हा ढोंगीपणा; पोट भरलेल्या शहरी लोकांच्या हौसेपायी गावातल्यांचे रोजगार जातात; आणि ‘निसर्गरम्य’ हा निकषच पोकळ, देखणं तेवढं वाचवायचं आणि उजाड दिसेल ते उकरायचं. वर तुमचं वाक्य, “लाखो एकर जमिनीला कुलूप ठोकलंय.”

आधी कुलुपाचं बघू. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या सरकारी जमिनींवर सोनं, चांदी, तांबं, युरेनियम यांसाठी आजही १८७२ चा खाण कायदा चालतो. जमीन या कायद्याखाली खुली असेल तर कुणीही अमेरिकन नागरिक जाऊन खुंटे ठोकू शकतो, दावा नोंदवू शकतो, आणि कामाचं खनिज सापडलं की खणायचा हक्क त्याचा. केंद्र सरकारला रॉयल्टी, म्हणजे काढलेल्या खनिजातला वाटा, शून्य. म्हणजे मुळात दार सताड उघडं आहे आणि रांगेत खाणवाला पहिला. ती जमीन चराईला ठेवायची, शिकारीला की पाण्यासाठी, हा विचार सुचेपर्यंत दावा लागलेला असतो.

‘संरक्षण’ म्हणजे बहुतेकदा एवढंच, की एखाद्या भागात नवे दावे आणि तेल-गॅस काढण्यासाठीचे नवे भाडेपट्टे थांबवायचे. १९७६ च्या कायद्यानुसार इंटिरियर खात्याचे मंत्री (हे आपल्यासारखं गृहखातं नव्हे, जमिनी सांभाळणारं खातं) मोठ्या क्षेत्रावर अशी बंदी एका वेळी जास्तीत जास्त २० वर्षांसाठी घालू शकतात. राष्ट्राध्यक्षांनी जाहीर केलेलं ‘राष्ट्रीय स्मारक’ही (इथे स्मारक म्हणजे पुतळा नव्हे, संरक्षित जमीन) पक्कं नसतं. युटा राज्यातलं बेअर्स इअर्स हे स्मारक २०१६ मध्ये झालं, २०१७ मध्ये त्याचा सुमारे ८५ टक्के भाग कापला गेला, २०२१ मध्ये परत जोडला गेला. असलं कसलं कुलूप?

उघड्या दाराचा फायदा कसा घेतला जातो, ते राल्फ कॅमेरॉनकडून शिकावं. या गृहस्थाने ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण कड्यावर आणि खाली उतरणाऱ्या ब्राइट एंजल वाटेवर खाणीचे दावे लावले. खनिजात त्याला फारसा रस नव्हता. वाट ताब्यात हवी होती. उतरणाऱ्या स्वारांकडून तो डॉलरभर टोल घ्यायचा. १९०८ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टने कॅन्यनला राष्ट्रीय स्मारक केलं, तरी हा बाबा हलेना. शेवटी १९२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की इथे खाण चालवण्याजोगं खनिजच सापडलेलं नाही, सबब दावा रद्द. आणि त्याच वर्षी ॲरिझोनाच्या मतदारांनी त्याला सेनेटवर पाठवलं!

त्याच कॅन्यनभोवतीची सुमारे दहा लाख एकर जमीन २०१२ मध्ये नव्या दाव्यांना बंद झाली. २०२३ मध्ये त्या भागात राष्ट्रीय स्मारकही झालं. तरी त्याच स्मारकाच्या हद्दीत पिन्यन प्लेन ही युरेनियमची खाण आज चालू आहे, कारण तिचा हक्क बंदीच्या आधीचा. खाली राहणारे हवासुपाई आदिवासी भूगर्भातून येणाऱ्या झऱ्यांवर जगतात आणि या खाणीला वर्षानुवर्षं विरोध करत आहेत. बंदीने नवीन पाहुणे थांबतात, आत बसलेला उठत नाही.

रोजगाराचं तुमचं म्हणणं हलकं नाही. पण वायोमिंग बघा. देशात सर्वात जास्त कोळसा काढणारं हे राज्य, तिथला माणूस खाणीला नाक मुरडणारा नव्हे. तरीही तिथल्या वायोमिंग रेंज या डोंगररांगेतल्या सुमारे १२ लाख एकरांवर नवे पट्टे देऊ नयेत, म्हणून तिथलेच शिकारी, पशुपालक पुढे आले, त्यांच्या रिपब्लिकन सेनेटरांनी विधेयक मांडलं आणि २००९ मध्ये कायदा झाला. शेजारच्या खोऱ्यातली गॅसची क्षेत्रं त्यांनी पाहिली होती. तिथे भर हिवाळ्यात, एरवी मोठ्या शहरांत उन्हाळ्यात आढळतो तसा ओझोन, श्वासाला घातक वायू, साचू लागला होता. जुने पट्टे मात्र राहिलेच. तिथे खोदकाम होऊ नये म्हणून त्यातले ५८,००० एकरांचे पट्टे २०१२ मध्ये एका संस्थेला ८७.५ लाख डॉलर मोजून विकत घ्यावे लागले.

‘निसर्गरम्य’ शब्दाबद्दल मात्र तुमच्याशी माझं बरंचसं जुळतं. फोटो चांगला येतो एवढ्यावर जमीन वाचवायची, तर सेजब्रश नावाच्या झुडपांच्या करड्या माळाला वाली कोण? हरणांच्या स्थलांतराच्या वाटा तिथूनच जातात. माझ्या मते पाणी हा जास्त खणखणीत निकष आहे. पण पर्यटकांच्या आणि मतदारांच्या मनात देखावा आधी भरतो, आणि राजकारणात हाताशी असेल ते वापरावं लागतं. मला त्यात ढोंग दिसत नाही, फार तर आळस दिसतो.

राहिलं तांबं. ते लागणारच, आणि खनिज असेल तिथेच खणावं लागतं, हेही खरं. पण सरकारी जमिनीतल्या तेलावर १९२० पासून रॉयल्टी आहे आणि तांब्यावर अजून शून्य, याचं समर्थन तुम्ही कसं कराल? २००७ मध्ये प्रतिनिधीगृहाने नव्या खाणींवर ८ टक्के रॉयल्टीचं विधेयक मंजूर केलं होतं. सेनेटमध्ये ते पुढे सरकलंच नाही. खाणी हव्यात म्हणणाऱ्या तुमच्यासारख्यांनी त्या विधेयकाच्या बाजूने बोलायला काय हरकत आहे, यावर तुमचं मत वाचायला आवडेल.