मासा कोणाचा, हे आधी ठरवा

पुण्याच्या नदीकाठ सुधार प्रकल्पावरून आमच्या शाळेच्या ग्रुपवर परत जुंपली. एका बाजूला "निदान कोणीतरी काहीतरी करतंय" म्हणणारे, दुसऱ्या बाजूला "झाडं तोडून आणि काठ बांधून नदी कशी सुधारते" म्हणणारे, आणि मग कोणीतरी मला मध्ये ओढलं, की अगं तू सिॲटलजवळ राहतेस ना, सांग जरा ह्यांना तिकडच्या नद्या कशा आहेत, आपल्याकडे लोकांना सिव्हिक सेन्स नाही आणि कोणी काही करायला घेतलं की लगेच कोर्टात जातात. दोन ओळीत ते मावेना म्हणून इथे लिहितेय.

तर पहिली गोष्ट. मी जिथे राहते तिथे सध्या बांधून काढलेले काठ फोडून मागे न्यायचं काम चाललंय. विसाव्या शतकात इथल्या इंजिनियरांनी नद्यांचं जे करून ठेवलं ते आपल्याकडे आज जे करायचं म्हणतात त्याच्या फार जवळचं आहे. समामिश नदी १९६० च्या दशकात खोदून सरळ केली, पूर लवकर ओसरावा आणि शेतजमीन मिळावी म्हणून. दुवामिश नदीची वळणं काढून टाकली, काठावर कारखाने आले, आणि २००१ साली तिचा खालचा पट्टा देशातल्या सगळ्यात प्रदूषित जागांच्या सरकारी यादीत गेला. नद्यांमध्ये पडलेले मोठे ओंडके तर कित्येक दशकं वेचून वेचून बाहेर काढले, नदी मोकळी वाहावी म्हणून, आणि काही ठिकाणी तर माशांना वाट मिळावी म्हणूनसुद्धा. आता तेच ओंडके, मुळांसकट, क्रेनने आणि आत जंगलात हेलिकॉप्टरने परत नदीत टाकतायत. कारण असं की ओंडक्यामागे पाणी मंदावतं, शेजारी डोह पडतो, गोटे आणि खडी एका जागी साठते. सॅमन, म्हणजे समुद्रात वाढून अंडी घालायला नदीत परत येणारा इथला मासा, त्याची मादी त्या खडीत शेपटीने खड्डा करून अंडी घालते, पिल्लं ओंडक्याच्या सावलीत लपतात. सरळ, स्वच्छ, एकसारख्या खोलीच्या पाटात ह्यातलं काहीच होत नाही.

एल्व्हा नदीची गोष्ट बऱ्याच जणांनी ऐकली असेल. ऑलिम्पिक नॅशनल पार्कमधून येणाऱ्या ह्या नदीवर दोन धरणं होती, एक १९१३ चं आणि एक १९२७ चं, दोन्हींना माशांसाठी जिना नव्हता, म्हणजे समुद्रातून परत येणारा सॅमन पहिल्याच भिंतीवर डोकं आपटायचा. २०११ ते २०१४ मध्ये दोन्ही पाडली. त्यातलं वरचं सुमारे ६४ मीटर उंच होतं. अडलेला गाळ खाली गेला, मुखाशी नवीन किनारा तयार झाला, आणि मासे वर चढायला लागले. मग २०२३-२४ मध्ये क्लॅमथ नदीवरची चार धरणं पाडली आणि शेवटचं निघाल्यावर काही आठवड्यांतच ऑरेगनच्या हद्दीत, जुन्या धरणांच्या वर, चिनूक सॅमन दिसला, तोही शंभरहून जास्त वर्षांनी.

हे वाचून घरची मंडळी म्हणतात की त्यांच्याकडे पैसा आहे, टेक्नॉलॉजी आहे, शिस्त आहे. मला हे उत्तर अजिबात पटत नाही. पैसा १९१३ सालीही होता, त्यातूनच तर धरण बांधलं. मग बदललं काय, तर माशावर कायदेशीर हक्क असलेली माणसं कोर्टात उभी राहिली, आणि मला वाटतं घरच्या वादात नेमकी हीच गोष्ट नाहीये.

१८५४-५५ मध्ये इथल्या आदिवासी जमातींकडून जमीन लिहून घेताना अमेरिकन सरकारने करारात लिहून दिलं की तुमच्या नेहमीच्या जागी मासे धरायचा हक्क तुमच्याकडेच राहील. नंतर शंभर वर्षं तो कागद कोणी मानला नाही. जाळी जप्त केली, लोकांना पकडून नेलं. निस्क्वाली जमातीचे बिली फ्रँक ज्युनियर यांना स्वतःच्या नदीत मासे धरल्याबद्दल पन्नासपेक्षा जास्त वेळा अटक झाली, पहिल्यांदा झाली तेव्हा ते चौदा वर्षांचे होते. शेवटी १९७४ मध्ये न्यायमूर्ती जॉर्ज बोल्ट यांनी निकाल दिला की धरता येण्याजोग्या माशांचा अर्धा वाटा जमातींचा. आता विचार करा, अर्धा वाटा मिळाला पण नदीत मासाच उरला नाही तर त्या हक्काचा उपयोग काय? म्हणून २००१ मध्ये जमाती परत कोर्टात गेल्या, ह्या वेळी रस्त्याखालच्या मोऱ्यांसाठी.

मोऱ्यांचं हे प्रकरण मला धरणांपेक्षाही महत्त्वाचं वाटतं, कारण धरण डोळ्यांना दिसतं आणि मोरीकडे कोणी बघत नाही. ओढ्यावर रस्ता बांधताना खाली एक पाइप टाकला की इंजिनियरचं काम संपलं. पण अरुंद पाइपमधून पाणी जोरात सुटतं, मासा त्याच्याविरुद्ध पोहू शकत नाही, आणि पाइपच्या तोंडाखालची माती वाहून जाऊन काही वर्षांत पाइप हवेत लटकतो, छोटा धबधबाच होतो, की मासा संपला. वर मैलोनमैल चांगला ओढा असतो, सावली, खडी, थंड पाणी सगळं असतं, फक्त पोचता येत नाही. कोर्टाने २०१३ मध्ये वॉशिंग्टन राज्याला सांगितलं की ह्या मोऱ्या बदला, २०३० पर्यंत त्यांच्यामुळे अडलेल्या अधिवासापैकी ९० टक्के मोकळा करा. राज्य सरकार देशाच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, २०१८ मध्ये तिथे ४-४ अशी बरोबरी झाली आणि खालचा निकाल कायम राहिला. आता अब्जावधी डॉलर खर्चून पाइप काढून त्या जागी ओढ्यापेक्षा रुंद पूल बांधले जातायत, खाली नैसर्गिक तळ ठेवून. हा खर्च राज्याने प्रेमाने केलेला नाही, तो हक्कदारांनी करायला लावलाय.

आणि इथे सगळं छान झालंय असंही मुळीच नाही. सिॲटलच्या ह्या खाडीतला (प्युजेट साउंड) चिनूक १९९९ पासून धोक्यात आलेल्या प्रजातींच्या यादीत आहे, त्यावर जगणारे इथले ओर्का व्हेल जेमतेम सत्तरच्या आसपास उरलेत. शहरातल्या ओढ्यांमध्ये तर वेगळंच संकट. ओढे दुरुस्त केले, कोहो सॅमन परत आले, आणि पाऊस पडला की अंडी घालायच्या आधीच काही तासांत मरायला लागले. वर्षानुवर्षं कारण सापडेना. २०२० मध्ये कळलं की टायर लवकर तडकू नयेत म्हणून रबरात घालतात त्या केमिकलची ओझोनशी प्रक्रिया होऊन विष तयार होतं आणि रस्त्यावरच्या पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यात येतं. दिलासा एवढाच की तेच पाणी माती आणि कंपोस्टच्या थरातून झिरपवून सोडलं तर मासे जगतात. नदीच्या काठाने रस्ते आणि पार्किंग आखणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट वाचावी असं मला मनापासून वाटतं.

आता घरचं. पुण्याचा प्रकल्प मुळा, मुठा आणि मुळा-मुठा मिळून सुमारे ४४ किलोमीटरचा, खर्च ४,७०० कोटींच्या वर, भूमिपूजन मार्च २०२२ मध्ये. त्याच्या आधीपासून जायका ह्या जपानी सरकारी संस्थेच्या कर्जातून ११ मैलापाणी शुद्धीकरण केंद्रांचा वेगळा प्रकल्प चालूच आहे. बाजूने बोलणारे म्हणतात काठावर राडारोडा आणि अतिक्रमण आहे, निदान चालायला जागा होईल, आणि वासाने नाक दाबून पूल ओलांडणाऱ्या माणसाचं हे म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. विरोधातले म्हणतात पात्र आवळलं तर पाणी वस्तीत शिरेल, आणि जुलै २०२४ मध्ये सिंहगड रोडला एकतानगरीत लोकांनी काय भोगलं ते सगळ्यांनी पाहिलंय. दोन्ही बाजूंनी झाडं, पूर, जॉगिंग ट्रॅक सगळं येतं, पक्षीसुद्धा येतात. माशाचं नाव मात्र क्वचितच निघतं, आणि मासे धरणाऱ्या भोई समाजाचं तर त्याहून कमी.

कोणी म्हणेल सॅमन समुद्रातून येतो, आपले मासे कुठे प्रवास करतात? करतात की! माझं आजोळ रोह्याजवळ, तिथे पहिला जोराचा पाऊस झाला की वलगणीचे मासे चढतात, नदीतून ओढ्यात, ओढ्यातून थेट भातखाचरात, अंडी घालायला. शिंगटी, मळ्ये, वाम, सगळी धडपड उलट्या प्रवाहात. कातकरी वाडीतल्या माणसांना कुठल्या वळणावर कुठला मासा कधी येणार हे पाठ असतं. घाटावर महाशीर, ज्याला खडस म्हणतात, तोही पावसाळ्यातच वरच्या खडकाळ पाण्याकडे जातो. म्हणजे आपल्याही प्रत्येक ओढ्यावरची लटकती मोरी, प्रत्येक बंधारा, ह्या माशांना अडवतोच. फरक इतकाच की आपल्याकडे अडलेल्या माशाच्या वतीने कोर्टात जाणारा हक्कदार नाही.

त्यात जलयुक्त शिवारच्या नावाखाली २०१४ नंतर ठिकठिकाणी पोकलेन लावून ओढे-नाले खोल-रुंद केले गेले. दुष्काळी गावाला पाणी हवंच, त्यावर इथे बसून मी काय बोलणार, पण जिथे डोह, उतार, गोटे, काठावरची झाडी सगळं खरवडून एकसारखा चर केला तिथे पाणी साठलं तरी ओढा राहिला नाही. समामिशचं जे झालं तेच.

आणि कृपा करून "मत्स्यबीज सोडू" हे उत्तर देऊ नका. नेतेमंडळी नदीत बोटुकली सोडतानाचे फोटो येतात, ती बहुतेक रोहू-कटलाची असतात, मूळची गंगेच्या खोऱ्यातली, भीमा-कृष्णेची नव्हेत. चांगल्या हेतूने केलेलं कामही कसं फिरतं ह्याचं उदाहरण आपल्या लोणावळ्याचंच आहे. तिथल्या वळवणच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून महाशीरची पैदास झाली, फार मोठं आणि कष्टाचं काम होतं ते, पण ती पिल्लं कावेरीतही सोडली गेली आणि तिथला मूळचा कुबडवाला महाशीर मागे पडत गेला, २०१८ पासून तो अतिसंकटग्रस्त यादीत आहे. इथेही पैदास केंद्रातला मासा विरुद्ध जंगली मासा हे भांडण एल्व्हावरसुद्धा कोर्टात गेलं होतं. नदीची जागा, पाणी आणि वाट न देता नुसते मासे ओतले की फोटोपलीकडे फारसं काही मिळत नाही. "उजनीत मासा भरपूर आहे" म्हणतात ते खरं आहे, पण त्यात बाहेरून आलेली चिलापी किती ते मच्छीमारांनाच विचारा, हल्ली तर जाळ्यात सकर मासाही येतो, जो कोणी खात नाही आणि जाळं मात्र फाडतो.

आपल्याकडे हक्काची परंपरा नव्हती असंही नाही. महाडजवळ वाळणकोंडला काळ नदीत, वाड्याजवळ तिळशाला वैतरणेत, डोहातल्या माशांना कोणी हात लावत नाही, देवाचे मासे म्हणून. कुठल्याही खात्याच्या आधीपासून गावांनी राखलेली अभयारण्यं आहेत ही. भंडारा-गोंदियात ढिवर समाजाने मामा (माजी मालगुजारी) तलावांतली बेशरम ही माजलेली वनस्पती काढली, मूळच्या पाणवनस्पती परत लावल्या आणि देशी मासे परत आले, ह्यात बायकांचा वाटा मोठा. त्यांना कुठली वनस्पती कुठल्या माशाला लागते हे माहीत होतं. २००६ च्या वनहक्क कायद्यात तर सामूहिक हक्कांमध्ये पाण्यातल्या माशांवरचा हक्क चक्क लिहिलेला आहे. जंगलातल्या ओढ्या-नद्यांसाठी हे हत्यार आज हातात आहे, ते रस्त्याच्या, खाणीच्या, बंधाऱ्याच्या वेळी वापरलं पाहिजे. शहरातल्या नदीला तो कायदा लागत नाही, तिथे भोई-कोळ्यांचा हक्क कशात बसवायचा ह्यावर वकिलांनी डोकं घातलं तर ती खरी नदीसेवा होईल.

तोपर्यंत करण्यासारखं बरंच आहे आणि त्याला ४,७०० कोटी लागत नाहीत. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे बरगे, म्हणजे पाणी अडवायला लावलेल्या फळ्या, पहिल्या पावसाच्या आधी निघालेच पाहिजेत, कारण चढणीचे मासे त्याच आठवड्यात निघतात, बरगे आठ दिवस उशिरा निघाले तर त्या वर्षीची वीण गेली. नवीन रस्त्याच्या टेंडरमध्ये मोरीचा तळ ओढ्याच्या तळाला भिडलेला असावा, एवढी एक अट घालता येते. मुळेचं पाणी मुळशीला अडवून घाटाखाली भिऱ्याला वीज करून कुंडलिकेत सोडतात, म्हणजे ते माझ्या आजोळच्या नदीतून अरबी समुद्रात जातं, मग उन्हाळ्यात खालच्या मुळेत सांडपाण्याशिवाय काय वाहणार? त्यातलं थोडं तरी माशांसाठी मुळेत राहायला हवं हे कोणीतरी मागायला हवं. आणि राम-मुळा संगमासारखी जी ठिकाणं अजून नैसर्गिक उरली आहेत तिथे काठाला हात लावायच्या आधी पावसाळ्यात जाळं टाकून बघा की तिथे काय चढतं, आणि ते जाळं टाकणारा भोई समितीत बसवा, सहीच्या अधिकारासकट.

ग्रुपवरच्या मित्रांना माझं एवढंच सांगणं आहे की इथल्या नदीकाठाचे फोटो पाठवायला मला अडचण नाही, पण त्या फोटोत चिखल असेल, ओंडके आडवे पडलेले असतील, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मेलेल्या सॅमनचा वास असेल, कारण अंडी घालून मासा तिथेच मरतो आणि त्यावर गरुड, अस्वलं, पाणमांजरं, काठची झाडंसुद्धा जगतात. पुढच्या वेळी हरकती-सूचना मागवल्या की मी इथून पाठवणार आहे, बरग्यांची तारीख, मोरीचा तळ, मुळशीचं पाणी आणि भोयांची सही, चार मुद्दे. ज्यांना पटतंय त्यांनी स्वतःच्या नावाने, स्वतःच्या वॉर्डातल्या ओढ्याचं नाव घालून पाठवा.