‘प्रभाग रचनेविरुद्ध कोर्टात जाताच येत नाही’ हा दावा अर्धाच खरा आहे

महापालिका, नगरपालिका किंवा जिल्हा परिषदेची प्रारूप रचना, म्हणजे प्रभागांच्या सीमांचा कच्चा आराखडा, जाहीर झाली की एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्यात म्हटलेले असते की सीमा कशाही आखल्या तरी राज्यघटनेने त्याविरुद्ध कोर्टात जायला बंदी घातली आहे. कोर्टाने आजवर अशा प्रकरणात कधी हात घातलेला नाही. कोर्टात जाणाऱ्यांना फक्त निवडणूक लांबवायची असते. आणि हरकती-सूचना हा नुसता उपचार आहे. हे वाचून ज्यांची वस्ती खरोखर दोन प्रभागांत तोडली गेली आहे ती माणसेही गप्प बसतात. म्हणून याला उत्तर द्यायलाच हवे.

आधी बंदीचे बघू. ती आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. लोकसभा-विधानसभेसाठी अनुच्छेद 329 आणि स्थानिक संस्थांसाठी 243-ओ व 243-झेडजी सांगतात की मतदारसंघांच्या सीमा ठरवणाऱ्या कायद्याची वैधता कोणत्याही न्यायालयात प्रश्नांकित करता येणार नाही. 1966 साली मेघराज कोठारी खटल्यात हाच मुद्दा होता. उज्जैनचा सर्वसाधारण मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव झाला, त्याला आव्हान दिले गेले, आणि सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मतदारसंघांच्या सीमा ठरवणाऱ्या परिसीमन आयोगाचा प्रसिद्ध झालेला आदेश कायद्याइतकाच बंधनकारक असतो. कारणही रास्त होते. प्रत्येक सीमेवर वर्षानुवर्षे खटले चालले तर निवडणूक व्हायची कधी?

फिरणारा मजकूर इथेच थांबतो. कायदा मात्र इथे थांबलेला नाही. 1995 साली उत्तर प्रदेशातील ग्रामपंचायतींच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही बंदी मान्य करतानाच एक अपवाद नोंदवला: सीमा ठरवण्याआधी हरकती मागवल्या नसतील, लोकांचे म्हणणे ऐकून घेतले नसेल, तर त्या कारणावर दाद मागता येते. आणि जुलै 2024 मध्ये गुजरातच्या बारडोली मतदारसंघाच्या प्रकरणात न्यायालय याच्याही पुढे गेले. बारडोली राखीव करण्याविरुद्धची याचिका उच्च न्यायालयाने 329 कडे बोट दाखवून दारातच फेटाळली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती भूमिका चुकीची ठरवली. परिसीमनाचा आदेश उघडउघड मनमानी असेल आणि घटनेच्या मूल्यांशी त्याचा मेळच बसत नसेल तर न्यायालय त्यात लक्ष घालू शकते, असे या निकालाने स्पष्ट केले. अपवादाचे हे दार अरुंद आहे, पण ते आहे. उंबरठ्यावरूनच परत पाठवणे आणि ऐकून घेऊन नाकारणे यात मोठा फरक आहे, आणि नागरिकाच्या दृष्टीने सगळे काही त्याच फरकात आहे.

‘कोर्टाने कधीच हात घातलेला नाही’ हे तर सरळ चुकीचे आहे. तमिळनाडूत जुन्या जिल्ह्यांचे विभाजन करून नवे जिल्हे केले होते, पण त्याप्रमाणे मतदारसंघांची फेररचना न करताच डिसेंबर 2019 मध्ये ग्रामीण निवडणुका लावल्या गेल्या. सर्वोच्च न्यायालयाने विभाजनात सापडलेल्या नऊ जिल्ह्यांची निवडणूक थांबवून आधी सीमा नीट ठरवा असे सांगितले; बाकीच्या जिल्ह्यांत मतदान झाले. गोव्याचे प्रकरण सीमांचे नव्हते, प्रभाग-आरक्षणाचे होते, तरी ते इथे सांगायलाच हवे. मार्च 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मडगाव, मुरगाव, म्हापसा, केपे आणि सांगे या पाच पालिकांचे आरक्षण रद्द केले. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवले आणि शिवाय एक जास्त महत्त्वाची गोष्ट सांगितली. राज्याचा कायदा सचिवच तिथे राज्य निवडणूक आयुक्ताचा अतिरिक्त कार्यभार सांभाळत होता. सरकारी नोकरीतल्या माणसाला असे आयुक्त नेमता येणार नाही, असा निकाल न्यायालयाने दिला. महाराष्ट्रात मार्च 2022 मध्ये कायदा बदलून प्रभाग रचनेचे अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून सरकारकडे घेतले गेले, हे आठवले की ‘नकाशा कोण आखतो’ हा प्रश्न किती जिवंत आहे ते कळते.

हरलेली प्रकरणेही सांगतो, नाहीतर मीही त्या मजकुरासारखाच अर्धे सांगणारा ठरेन. मुंबई महापालिकेच्या जागा 2021 मध्ये 227 वरून 236 केल्या गेल्या, सरकार बदलल्यावर 2022 मध्ये पुन्हा 227 झाल्या. त्याला दिलेले आव्हान उच्च न्यायालयाने एप्रिल 2023 मध्ये फेटाळले. जम्मू-काश्मीरच्या फेररचनेविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2023 मध्ये फेटाळली, आणि ऑगस्ट 2025 मध्ये महाराष्ट्रातील नव्या प्रभाग रचनेवरचे आव्हानही तिथे टिकले नाही. यातून मला दिसते ते असे: एकूण जागा किती, रचना कोणत्या कायद्याखाली, हे विधिमंडळाचे क्षेत्र आहे आणि तिथे न्यायालय सहसा शिरत नाही. ठरलेले नियम धाब्यावर बसवले का, लोकांना ऐकले का, हा प्रश्न वेगळा आहे आणि याचिकेत ताकद असते ती तिथेच.

निवडणूक लांबवण्याच्या आरोपात तथ्याचा अंश आहे. तमिळनाडूतल्या त्या नऊ जिल्ह्यांना ऑक्टोबर 2021 पर्यंत थांबावे लागले. मुंबईत मार्च 2022 पासून प्रशासक बसला तो वर्षानुवर्षे राहिला, आणि लोकांनी निवडलेला नगरसेवक नसलेल्या शहराचे काय होते ते आपण पाहिले आहे. पण त्याचे खापर फक्त याचिकाकर्त्यांवर फोडता येत नाही. ओबीसी आरक्षणाचा वाद आणि दर सरकारागणिक बदलणारी रचना हीही कारणे होती. शिवाय पाच वर्षांच्या मुदतीत निवडणूक झालीच पाहिजे, प्रभाग रचना राहिली ही सबब चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये अहमदाबाद महापालिकेच्या प्रकरणात आणि 2022 मध्ये मध्य प्रदेशच्या प्रकरणात बजावलेले आहे. म्हणजे विलंबाला लगाम घालायला न्यायालयच उभे आहे.

आता हरकती-सूचना. सगळ्यात जास्त नुकसान त्या मजकुरातले ‘हा नुसता उपचार आहे’ हेच वाक्य करते. निवडणूक कार्यक्रम जाहीर झाला की न्यायालयाचा हात आखडतो आणि मग निकालानंतरच्या निवडणूक याचिकेशिवाय फारसे काही उरत नाही. त्यामुळे जे करायचे ते प्रारूप प्रसिद्ध होणे आणि कार्यक्रम जाहीर होणे यांच्यामधल्या थोड्या दिवसांतच.

आणि हरकत घ्यायला मोजता येतील असे निकष आहेत. प्रभागाची लोकसंख्या सरासरीच्या 10 टक्के कमी किंवा जास्त, एवढ्याच मर्यादेत हवी. शहराची लोकसंख्या 10 लाख आणि जागा 100 असतील तर चार सदस्यांच्या प्रभागाची सरासरी 40 हजार. म्हणजे प्रभाग 36 हजार ते 44 हजारांमध्ये बसला पाहिजे. क्रमांकन उत्तरेकडून सुरू होऊन दक्षिणेत संपावे, सीमा नदी, नाला, रेल्वेमार्ग, मोठा रस्ता अशा ठळक खुणांवरून जाव्यात, जनगणनेचा प्रगणक गट (मोजणीसाठी पाडलेला घरांचा लहान गट) शक्यतो फोडू नये, अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांचे शक्यतो तुकडे करू नयेत. एखाद्या समाजाचे मत निष्प्रभ करायचे तर त्याची वस्ती दोन-तीन प्रभागांत वाटून टाकतात, किंवा उलट सगळी एकाच प्रभागात कोंबतात. हे दोन्ही प्रकार वरचे निकष नकाशावर ठेवले की उघडे पडतात.

‘आमच्यावर अन्याय झाला’ एवढेच लिहिलेली हरकत सुनावणीत टिकत नाही. प्रारूपाबरोबर प्रभागनिहाय लोकसंख्या आणि चतुःसीमा दिलेल्या असतात. त्या घ्या, कोणता प्रगणक गट कुठे फोडला ते क्रमांकासह लिहा, नाला सोडून सीमा गल्लीत का वळवली ते विचारा, आणि तुमच्या मते सीमा कुठून जायला हवी तेही नकाशावर आखून द्या, तेही शेजारच्या प्रभागाची लोकसंख्या मर्यादेबाहेर जाणार नाही असे बघून. सुनावणीला हजर राहा, म्हणणे लेखी द्या, पोच घ्या आणि हरकत फेटाळल्याचे कारण लेखी मागा. उद्या उच्च न्यायालयात उभे राहायची वेळ आली तर वकील आधी हेच कागद मागेल.