गहू बंद करायच्या आधी रक्त तपासा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ग्रुपांवर सध्या सिलिॲकबद्दल एक मेसेज फिरतोय. सिलिॲक म्हणजे गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते तो आजार. मेसेज म्हणतो: सिलिॲक हा पंजाबकडच्या गहू खाणाऱ्यांचा आजार, भाकरी-भात खाणाऱ्या आपल्या लोकांना तो होत नाही. जुलाब नसतील तर विचारच करू नका. तरी शंका आली तर महिनाभर गहू सोडून बघा, बरं वाटलं की निदान झालं. खपली गहू मात्र चालतो. घरच्या ग्रुपवर हे पुढे ढकललं जातं ते समजू शकतो, पण डॉक्टरांच्या ग्रुपवरही त्याला अंगठे मिळतात, म्हणून हे उत्तर.

‘आपल्याकडे होत नाही.’ हे अर्धं खरं. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या 23,331 प्रौढांच्या पाहणीत सिलिॲकच्या अँटीबॉडी (रक्तात दिसणारी या आजाराची खूण) उत्तर भारतात 1.23 टक्के, ईशान्येत 0.87 टक्के, तर दक्षिणेत 0.10 टक्के लोकांत सापडल्या. सांगणारे इथेच थांबतात. त्याच पाहणीत या आजाराला लागणारी डीक्यू2 आणि डीक्यू8 ही जनुकं तिन्हीकडे सारख्याच प्रमाणात, साधारण तिघांत एकाकडे होती. मोठा फरक होता तो ताटातल्या गव्हात. उत्तरेत दिवसाला सुमारे 455 ग्रॅम, दक्षिणेत 25. आणि दक्षिणेचा नमुना तमिळनाडूतला. बेळगावात डब्याला चपाती, सकाळी उप्पीट, सणाला पोळी नि मांडे, जेवणावळीत गव्हाची हुग्गी. तो आकडा इथे तसाच चिकटवता येत नाही.

‘जुलाब नाहीत म्हणजे सिलिॲक नाही.’ सगळ्यात जास्त रुग्ण निसटतात ते इथे. लोह शोषलं जातं लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, आणि सिलिॲकचा मारही आधी तिथेच बसतो, म्हणून जुलाब नसतानाही रक्त कमी असू शकतं. लोहाच्या गोळ्या चार आठवडे नीट घेऊनही हिमोग्लोबिन 1 ग्रॅमनेसुद्धा चढलं नाही, जंताचं औषध झालं, पाळीचा रक्तस्राव विचारून झाला, तर पुढची चिठ्ठी टॉनिकची नको, तपासणीची हवी. वयाच्या मानाने उंची खुंटलेलं मूल, लांबलेली वयात येण्याची प्रक्रिया, टाइप 1 मधुमेह, थायरॉईडचा ऑटोइम्यून आजार, डाउन सिंड्रोम, कारण न सापडणारे वाढलेले यकृताचे एन्झाइम, कोपर-गुडघ्यांवर खाजरे फोड, आणि सिलिॲक असलेल्याचे आई-वडील, भावंडं, मुलं यांचीही तपासणी करावी. बद्धकोष्ठता किंवा जास्त वजन आहे म्हणून सिलिॲक बाद होत नाही.

‘गहू सोडून बघा.’ हा सल्ला निदानच बिघडवतो. गहू थांबला की अँटीबॉडी उतरू लागतात, आतड्याचं अस्तर भरून येऊ लागतं, आणि सहा महिन्यांनी केलेली तपासणी नॉर्मल आली तर तिचा अर्थ लावता येत नाही. बरं वाटणं हा पुरावाही नव्हे. गव्हातल्या फ्रुक्टानने, म्हणजे कांदा-लसणातही असलेल्या त्याच घटकाने, ज्यांचं पोट फुगतं त्यांनाही गहू सोडल्यावर हलकं वाटतं.

क्रम असा ठेवावा. गहू चालू असताना टीटीजी-आयजीए (सिलिॲकची अँटीबॉडी मोजणारी रक्तचाचणी) आणि सोबत एकूण आयजीए (त्याच प्रकारच्या अँटीबॉडींचं रक्तातलं एकूण प्रमाण). दुसरी चाचणी पैसे वाचवायला गाळली जाते, पण सिलिॲकच्या दर शंभरात दोन-तीन रुग्णांत आयजीए मुळातच कमी असतं आणि पहिली खोटी निगेटिव्ह येते. तसं असेल तर आयजीजी या दुसऱ्या प्रकारच्या अँटीबॉडीवर आधारलेली चाचणी. टीटीजी पॉझिटिव्ह आला तर प्रौढांत एंडोस्कोपी: ड्युओडेनमच्या, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाच्या, बल्बमधून (अगदी पहिल्या फुगीर भागातून) एक-दोन आणि पुढच्या भागातून किमान चार अस्तराचे तुकडे, बल्बचे वेगळ्या बाटलीत. नुकसान ठिकठिकाणी असतं, दोनच तुकडे घेतले तर तेवढेच धड भाग हाती लागू शकतात. मुलांत टीटीजी नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या दहा पटींहून जास्त आणि रक्ताच्या दुसऱ्या नमुन्यात ईएमए ही सिलिॲकची आणखी एक अँटीबॉडी पॉझिटिव्ह असेल तर बायोप्सीशिवाय, म्हणजे असे तुकडे न काढताही, निदान करता येतं. गहू सोडून थोडेच आठवडे झाले असतील तर थांबू नका, लगेच रक्त द्या. जास्त काळ लोटला असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली रोज एक-दोन चपात्या परत सुरू कराव्या लागतात. मध्यम चपातीत साधारण तीन ग्रॅम ग्लुटेन असतं. हे दोन ते आठ आठवडे चालतं आणि त्रासदायक असतं, म्हणूनच आधी तपासणी.

एक इशारा पॅथॉलॉजिस्टांसाठीही. अस्तर सपाट दिसलं की लगेच ‘सिलिॲक’ लिहू नये. आपल्या हवामानात जिआर्डिया हा आतड्यातला परजीवी आणि ट्रॉपिकल स्प्रू हा उष्ण प्रदेशातला आतड्याचा आजारही तसंच चित्र उभं करतात. टीटीजी निगेटिव्ह असेल तर आधी ते शोधावेत. जनुकांची चाचणीही नेमकी उलट वापरली जाते. ती निगेटिव्ह आली तर सिलिॲक जवळपास नाहीच, पॉझिटिव्ह आली तर काहीच सिद्ध होत नाही.

‘खपली चालतो.’ नाही चालत. खपली हा गहूच, त्यात ग्लुटेन आहे. लापशी, खीर, हुग्गी सगळी बंद. जव आणि सातूचं पीठही बंद, आणि खड्याच्या हिंगात मैदा मिसळलेला असू शकतो, म्हणून लेबल वाचा. ‘ग्लुटेन-फ्री’ म्हणून विकलेल्या पदार्थात किलोमागे 20 मिलिग्रॅमपर्यंतच ग्लुटेन चालतं. आणि ज्वारी शुद्ध असली तरी तिचं पीठ शुद्ध असतंच असं नाही. गिरणीत त्याच जात्यावर आधीच्याचा गहू दळलेला असेल तर तो पिठात उतरतो. निदान पक्कं झालेल्याने ज्वारी, नाचणी, तांदूळ घरघंटीवर दळावेत, आणि त्या घरघंटीत गहू कधीच घालू नये.