पीएचडी करताय? आधी ३८४ पाठ करा

पीएचडीला नाव नोंदवलंत ना? बरं केलंत. आता कोर्सवर्कमध्ये कुणी शिकवणार नाही अशा चार गोष्टी सांगते. मला त्या गेल्या मंगळवारी कळल्या, प्रोग्रेस प्रेझेंटेशनसाठी सकाळी साडेदहापासून पावणेपाचपर्यंत व्हरांड्यात बसल्यावर आणि मग आत सात मिनिटं उभं राहिल्यावर. खरं तर पंधरा मिनिटं मिळणार होती, पण तोवर बाहेरच्या तज्ज्ञांची गाडी पोर्चमध्ये लागली होती.

सुरुवात विषयापासून. माझ्यासारखा गाढवपणा करू नका. मी घेतल्या एका गावातल्या विहिरी. पाणी दर महिन्याला किती उतरतं ते टेप सोडून मोजायचं, त्या पाण्यावर कुठली पिकं उभी आहेत ते उपग्रहाच्या चित्रांत बघायचं, आणि मोटर कुणाची, पाळी कुणाची, भांडण कुणाचं हे माणसांना विचारायचं. 'आंतरविद्याशाखीय संशोधनास प्रोत्साहन' अशी पाटी विभागाच्या दारावर आहे, तिला मी भुलले. पर्यावरणवाले म्हणतात, हे कॉम्प्युटरवाल्यांना दाखवा. कॉम्प्युटरवाले विचारतात, यात तुमचा नवा अल्गोरिदम कुठाय? समाजशास्त्राचे सर म्हणतात, थिअरी दिसत नाही. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, माझी तर तीन घरं.

फिल्डवर तर अजिबात जाऊ नका. ऊन लागतं, एसटी चुकते, कुत्री मागे लागतात. त्यापेक्षा गूगल फॉर्म करा. 'प्रिय सर/मॅडम, आपली फक्त दोन मिनिटं' असं लिहून शाळेच्या ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर आणि मावसभावाच्या लग्नाच्या ग्रुपवर सोडून द्या. पाच पर्याय ठेवा, 'पूर्णतः सहमत'पासून 'पूर्णतः असहमत'पर्यंत. कोरडवाहू भागातल्या शेतमजूर बायकांच्या अडचणींवरचा असा एक फॉर्म मी स्वतः भरलाय, होस्टेलच्या खोलीत, पंख्याखाली, मॅगी खात. शेजारच्या खोलीतल्या तिघींनीही भरला. आम्ही चौघी आता कुणाच्या तरी टेबल क्रमांक ४.२ मध्ये शेतमजूर आहोत.

शाई काळीच वापरा.

कॉम्प्युटरवाल्यांसाठी खास सल्ला: अचूकता ९९ टक्क्यांच्या खाली आणू नका, लोक हसतात. पिकांवरचे रोग ओळखायला 'प्लांटव्हिलेज' नावाच्या संग्रहातले ५४,३०६ फोटो फुकट मिळतात. पानं तोडून, साध्या पार्श्वभूमीवर नीट ठेवून काढलेले. २०१६ साली ज्यांनी त्यांवर रोग ओळखणारं कॉम्प्युटर मॉडेल शिकवलं त्यांनाही ९९.३५ टक्के मिळाले होते. त्यांनी प्रामाणिकपणे पुढचंही लिहून ठेवलं, की दुसरीकडून आणलेल्या फोटोंवर हाच आकडा ३१ टक्क्यांच्या आसपास येतो. तुम्ही तिथपर्यंत वाचू नका. पानावर चिखल, सावली, शेजारी शेळी असल्या भानगडी शेतात असतात, आणि शेतात आपण जाणारच नाही असं वर ठरलंय.

उपग्रहाचं त्याहून सोपं. सेंटिनेल-२ चा एक पिक्सेल १० मीटरचा, म्हणजे उसाच्या एका फडात ढीगभर पिक्सेल. त्यातले निम्मे मॉडेलला शिकवायला द्या, उरलेले त्याच फडातले परीक्षेला. पेपर फोडून पहिला नंबर! खरिपात महाराष्ट्रावर ढग असतात, त्यातून या उपग्रहाला काही दिसत नाही. ढगांतून पाहणारं रडार आहे, पण ते शिकायला वर्ष जातं. नोव्हेंबरचं चित्र लावा आणि खाली 'खरीप' असं लिहा. कोण बघतंय?

दुसऱ्याच्या लिखाणाशी साम्य दहा टक्क्यांपर्यंत चालतं असा यूजीसीचा २०१८ चा नियम आहे. म्हणून 'पाणी हे जीवन आहे' असं लिहू नका. 'जल हे जगणे होय' लिहा.

फेलोशिपबद्दल काही सांगत नाही. १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफ, म्हणजे ज्युनियर रिसर्च फेलोशिप, महिना ३७,००० रुपये झाली आहे. ज्यांना मिळते त्यांनी मोबाइल चार्ज करून ठेवावा, बँकेचा मेसेज कधी येईल सांगता येत नाही. ज्यांना मिळतच नाही त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा.

आता ३८४.

हा आकडा पाठ करा. कुलदैवताचं नाव विसरलात तरी चालेल. मंगळवारी आत गेले तेव्हा बाहेरच्या तज्ज्ञांसमोर माझा रिपोर्ट होता आणि रिपोर्टवर बटाटेवड्याचा कागद. दोन वर्षांच्या पाणीपातळीच्या आलेखावर तेलाचा डाग हळूहळू पसरत होता. त्यांनी विचारलं, "सॅम्पल किती?"

"सर, ४२ विहिरी."

"फक्त बेचाळीस? ३८४ पाहिजेत."

"सर, गावात विहिरीच बेचाळीस आहेत. सगळ्या घेतल्यात."

"तसं नसतं. टेबल बघा. तीनशे चौऱ्याऐंशी."

माझे सर खाली वाकून पेनचं टोपण शोधत होते. ते सापडेपर्यंत शेरा लिहून झाला: 'सॅम्पल साइज वाढवावा.' सही. शिक्का. आणि माझी सही निळी म्हणून फॉर्म परत.

उरलेल्या ३४२ विहिरी मी कुठून आणू? खणू? ज्या गावात उन्हाळ्यात परसभर, म्हणजे माणसाच्या उंचीएवढंही, पाणी राहत नाही, तिथे शेतकऱ्यांना सांगू की दादा, बाहेरच्या तज्ज्ञांचं टेबल अपुरं पडतंय, जरा एकेक विहीर घ्या?

ते टेबल १९७० सालचं आहे, क्रेजसी आणि मॉर्गन या संशोधकांचं, किती लोकसंख्येला किती सॅम्पल लागतं ते सांगणारं. एकच पान आहे हो. ३८४ शेवटी येतात, लोकसंख्या दहा लाखांवर गेल्यावर. ९५ टक्के खात्री, पाच टक्के चूक चालेल, एवढं धरून काढलेला आकडा तो. त्याच पानावर वरच्या बाजूला ४० च्या समोर ३६ लिहिलंय. आणि हे सगळं चिठ्ठ्या टाकून नमुना निवडायचा असेल तर. मी चिठ्ठ्या टाकल्याच नाहीत, मी अख्खं गाव मोजलं! मावसभावाच्या ग्रुपवरून आलेले ३८४ फॉर्म चालतात, कारण आकडा जुळतो. माझ्या आधी जो आत गेला त्याचे बरोबर ३८४ होते. त्याच्या आधीच्या मुलीचेही. एकाचा विषय बँकेचे ग्राहक, दुसरीचा प्लास्टिकचा कचरा. कुणालाही शंका आली नाही.

चेष्टा पुरे झाली. सर, तुम्ही ते टेबल कधी उघडलेलंच नाही. तुमच्या गाइडनी तुम्हाला ३८४ सांगितले, तुम्ही ते पोरांना सांगताय, आणि पोरं पुढच्यांना सांगणार. रिपोर्ट तर तुम्ही आठव्या पानापुढे उलटलाही नाहीत, डाग तिथेच थांबलाय. आणि आमच्यातले जे हसत हसत 'चालतंय गं, लिहून टाक, कोण बघतंय' म्हणतात, त्यांनाही सांगते, तुम्ही उद्या याच खुर्चीत बसणार आहात. वडा खाणार आहात. आत्तापासून सवय चाललीय तुमची.

सतरा नंबरच्या विहिरीवर एक आजोबा आहेत. मी टेप सोडला की वाकून आवाज ऐकतात आणि आकड्याआधीच सांगतात, "दीड परस खाली गेलं बघ ताई." बहुतेक वेळा बरोबर असतं. मागच्या खेपेला त्यांनी विचारलं, "मागल्या साली बी एक मॅडम आल्त्या. दोन तास प्रश्न इचारले, माझा फोटो नेला. त्याचं पुढं काय झालं?" मला काय माहीत काय झालं? शोधगंगेवर, म्हणजे पीएचडीचे प्रबंध ठेवतात त्या वेबसाइटवर, कुठल्या तरी पीडीएफमध्ये असतील आजोबा, 'उत्तरदाता क्र. ११२' म्हणून. त्यांच्या गावात तिची प्रत नाही, तिच्यातलं एक वाक्य नाही. मला माझ्या प्रबंधातलं त्यांचं पान वाचून दाखवायचंय त्यांना, आणि त्यासाठी आधी तुमची सही लागते.

फॉर्म पुन्हा भरलाय. सोमवारी आणून देते. टेबलचं ते पान सोबत जोडलंय आणि ४० च्या भोवती पेन्सिलने गोल केलाय. तोही काळ्या शाईने करायला हवा होता का, तेवढं कळवा.